लिहिण्याजोगे नाही

आमच्या साजूकताईच्या तोंडून एकोणीस वर्षांत मी एकच शिवी ऐकली, ती म्हणजे ‘चांगल्या माणसा’. जिन्यात पाणी सांडून ठेवणाऱ्या सफाईवाल्यापासून रजेचा अर्ज हरवणाऱ्या वरच्या साहेबापर्यंत सगळे ‘अरे चांगल्या माणसा’. फारच संताप आला तर ‘अहो चांगल्या माणसा’. साजूकताई हे नाव मीच ठेवलेलं, आधी पाठीमागे आणि मग तोंडावर. तिने ते चालवून घेतलं. मला वाटायचं, भांडायला शब्द लागतात आणि या बाईकडे ते नाहीतच.

तिचं सगळंच बेतशीर. इस्त्रीचे कपडे, केसांना मोजून चार पिना, डब्यात एकसारखी चिरलेली फळं. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा आणि दिवसाकाठी घड्याळाहून कमी बोलायचा. घरात बोलण्याचं सगळं खातं सासूबाईंकडे. म्हातारी अंथरुणाला खिळलेली, पण जिभेला हाड नाही. सुनेच्या सात पिढ्यांचा उद्धार करून मगच पाणी प्यायची. ताई ऑफिसात येऊन सांगायची, “आज आईंना बरं वाटतंय, आवाज अगदी खणखणीत होता.” आता या बाईला काय म्हणावं? मी असते तर तो पाण्याचा पेला म्हातारीच्याच डोक्यावर ओतला असता.

आमच्या ऑफिसाचं नाव लांबलचक आहे, काम मात्र एका वाक्याचं. इंटरनेटवर कुणी कुणाला घाण बोललं की ती घाण आमच्या टेबलावर येते. पूर्वी त्याच खोलीत निनावी पत्रांच्या तक्रारी घ्यायचे. मग नवा कायदा झाला. भाषणं झाली, भिंतीवर मोठा फलक लागला, पंखा तेवढा जुनाच राहिला. जुन्या लेखनिक आम्ही दोघी, ताई मोठी आणि मी धाकटी. तक्रारदाराने फोन घेऊन यायचं, आमच्यासमोर चालू करायचा, आणि स्क्रीनवर दिसेल ते आम्ही जबाबात उतरवायचं. स्क्रीनचे फोटो नुसते जोडायचे. फोटोंवर भरवसा नाही, ते आजकाल कुणीही बनवतं. भरवसा जबाबावर, कारण त्याखाली “मी प्रत्यक्ष पाहिले” असं लिहून लेखनिकाची सही आणि तक्रारीच्या प्रकाराचा शिक्का असतो.

माणसं काय काय लिहितात हो! पहिल्या वर्षी मला जेवण जाईना. आजी म्हणवणाऱ्या बायका, मास्तर, डॉक्टर, पोटच्या पोरांचे फोटो मिरवणारे बाप. सकाळी फुलांची चित्रं पाठवायची आणि दुपारी अनोळखी पोरीला असलं लिहायचं की उकिरड्यावरचं कुत्रंही तोंड फिरवेल. समोरासमोर आणून बसवलं की हेच लोक “माफ करा हं, जरा सरकता का” म्हणून खुर्ची मागतात. मला त्यांच्या शिव्यांपेक्षा त्या “जरा सरकता का”ची जास्त किळस यायची, अजून येते.

ताईने या सगळ्यावर तोडगा काढला होता. तिच्या टायपिंग क्लासच्या मास्तरांनी तिला शिकवलं होतं, घाण टाइप केली की बोटांना सवय लागते. तेव्हा घाण टाइप करायचीच नाही. तिच्याकडे नऊ वाक्यं होती, चढत्या क्रमाने. ‘अनुचित भाषा वापरली’ ही पहिली पायरी. मग असभ्य, मग अर्वाच्य, असं करत करत आठवं ‘स्त्रीत्वास लज्जा आणणारे’, आणि सगळ्यांवर कडी म्हणजे नववं, ‘लिहिण्याजोगे नाही’. मी रुजू झाले तेव्हा तिने ती नऊ वाक्यं सुवाच्य अक्षरात लिहून माझ्या टेबलाच्या काचेखाली सरकवली. मी ती पाठ केली, आणि माझ्यानंतर आलेल्या दोघींनीही केली. जुने सुनावणी साहेब जबाब हातात घ्यायचे, विचारायचे, “नववं का?” आम्ही मान हलवायचो. तेही मान हलवायचे आणि समोरच्याला झापायचे. असा आमचा कायदा खेळीमेळीने चालला होता. अधूनमधून एखादी तक्रार ‘तपशिलाअभावी’ निकाली निघायची. आम्ही म्हणायचो, नशीब एकेकीचं.

मग ते साहेब निवृत्त झाले आणि नवे आले. आणि त्याच महिन्यात ड्रायव्हरबाई आली.

ती शाळेची बस चालवायची. तिशीची, दंडाने भक्कम, आवाज असा की शेवटच्या बाकावरचं पोरगंही सरळ बसेल. पण आमच्यासमोर बसली तेव्हा तिचा आवाज फुटेना. झालं होतं ते असं. ती शाळेच्या फाटकाशी थांबून मुलं उतरवत होती, बाजूचा ‘थांबा’ लिहिलेला लाल पाटा बाहेर काढलेला होता, आणि एक गाडी तरीही घुसली. एक पोर वीतभर अंतराने वाचलं. हिने संध्याकाळी गावाच्या ग्रुपवर लिहिलं, शाळेची बस थांबली की थांबत जा, आणि खाली गाडीचा फोटो टाकला. नंबरसुद्धा झाकून! पण चोराच्या मनात चांदणं. गाडीचा मालक बरोब्बर जागा झाला.

तो चष्म्याचा दुकानदार होता. अर्ध्या गावाच्या नाकावर त्याचे चष्मे. मऊ बोलणं, स्वेटर, गिऱ्हाइकाला दारापर्यंत सोडायला येणार. ग्रुपवर रोज सकाळी सुविचार टाकायचा. याने नऊ दिवसांत तिला चौदा मेसेज लिहिले, तेही सगळ्या ग्रुपसमोर. ती दारू पिऊन बस चालवते, बसमध्ये पुरुष घेते, हे तर होतंच. पण ते बरं म्हणायची पाळी यावी असं बाकीचं होतं. “रांडे, तुला त्याच बसमध्ये कोंडून पेटवतो आणि धूर निघेपर्यंत उभा राहतो,” हा त्यातला तिसरा. हा लिहिते कारण हा सौम्य होता. आणि ग्रुपवरचे तीनशे आईबाप काय करत होते? कुणी अंगठा दाखवला. कुणी दात काढून हसणारा चेहरा टाकला. एकाने लिहिलं, “दोन्ही बाजू ऐकायला हव्यात.” थू तुमच्या दोन्ही बाजूंवर!

मग त्याच आईबापांनी बसमालकाला फोन केले, की बाई दारू पिते म्हणे. बसमालकाने तिला बोलावून सांगितलं, “मला यातलं काही कळत नाही. त्या ऑफिसातून निकाल आण की हे खोटं आणि तो दोषी. सत्र संपेपर्यंत वाट बघतो, नाहीतर चावी ठेव.” तिला सात वर्षांची मुलगी, नवरा सोडून गेलेला, आणि ही एकच नोकरी. एवढं सगळं त्या निकालावर अडकलं होतं.

ताईने तिचा फोन हातात घेतला, हात लांब करून चौदाही मेसेज एकदा वाचले, रुमालाने स्क्रीन पुसली आणि फोन परत दिला. मग टाइप करायला बसली. अर्धं पान झालं. तारखा, वेळा, सगळं चोख. आणि चौदा ठिकाणी आठवं आणि नववं वाक्य. ड्रायव्हरबाईने वाचलं.

“एवढंच?” ती म्हणाली.

“यात सगळं आलं, बाळ.”

“आणि हे, माझ्या मुलीबद्दलचं? शेवटचं?”

“ते तर मुळीच नको. कागद राहतो गं. उद्या ती मोठी होईल. कशाला तिचं नाव असल्या घाणीशेजारी?”

ड्रायव्हरबाईने माझ्याकडे पाहिलं. मीही मान हलवली, अगदी जाणतेपणाने. तिने सही केली. ती मान हलवल्याची मला आज लाज वाटते, आणि ती वाटायलाच हवी.

दोन दिवसांनी त्या ॲपच्या कंपनीने ते चौदाही मेसेज काढून टाकले, कारण ड्रायव्हरबाईने त्यांच्याकडेही तक्रार केली होती. मजकूर होता तिथे एक करडी पट्टी आली, ‘नियमभंगामुळे काढले’. म्हणजे कंपनीलाही पटलं की घाण आहे. पण कसली घाण ते आता कुणालाच दिसेना. आम्ही कंपनीला पत्र पाठवलं की मूळ मजकूर द्या. उत्तर आलं, ‘तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.’ मी ते पत्र चुरगाळून फेकलं, मग आवक नोंदीसाठी परत उचलून सपाट केलं.

पहिली सुनावणी झाली. नवे साहेब तरुण, कोरडे, नियमावर बोट ठेवून वाचणारे. चष्मेवाला स्वेटर घालून आला, बरोबर बायको. ती मांडीवर पर्स घेऊन बसली, मान खाली.

“मी कडक शब्दांत टीका केली, हे कबूल,” तो म्हणाला. “नागरिक म्हणून काळजी वाटली. लहान मुलांचा प्रश्न आहे. पण अश्लील? मी? साहेब, हे फोटो बनावट आहेत. मूळ काही असेल तर दाखवा.”

साहेबांनी जबाब उचलला. “यात लिहिलंय, ‘लिहिण्याजोगे नाही’. म्हणजे काय?”

साहेबांनी पान उलटून मागची बाजू पाहिली.

“कायद्यात धमकीची व्याख्या आहे, अश्लीलतेची आहे. ‘लिहिण्याजोगे नाही’ याची नाही. मी निकाल कशावर देऊ? लेखनिकांच्या नापसंतीवर?”

चष्मेवाल्याने हात जोडले, चक्क ताईला. “मॅडमचे आभारच मानतो मी. इतक्या सुसंस्कृत बाई. माझं लिखाण खरंच तसं असतं तर त्यांनी लिहिलं नसतं का?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताई पांढरीफटक पडली होती. गेली कित्येक वर्षं आम्ही ज्याला आमची अब्रू समजत होतो, ती हा माणूस रुमालासारखी काढून तोंड पुसत होता. साहेबांनी आठ दिवस दिले. मूळ मजकूर प्रत्यक्ष पाहिलेला कुणी साक्षीदार असेल तर आणा, नाहीतर तपशिलाअभावी निकाली. ग्रुपवरचे तीनशे जण होतेच की! ड्रायव्हरबाईने चाळीस घरी फोन केले. कुणाला आठवत नव्हतं, कुणी गावाला जाणार होतं, कुणाचा नवाकोरा चष्मा व्हायचा होता. उरली एक साजूकताई. तिने पाहिलं होतं, आणि तशी तिची सहीच होती.

आमच्या मुख्य लेखनिकांनी तिला बोलावून समजावलं. “आपण लिहिणारे, बोलणारे नव्हे. लेखनिक साक्षीला उभा राहिला की आपलेच सगळे जुने जबाब उघडे पडतील. तुमच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली. कशाला विकतचं दुखणं?” ताई ऐकून आली आणि जागेवर बसून राहिली. त्या दिवशी डबाही उघडला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला म्हणाली, “जरा रेकॉर्डच्या खोलीत येतेस?”

फायलींच्या कपाटांमध्ये आम्ही दोघी. तिने दार लोटून घेतलं. “मी म्हणून बघते. तू नुसती ऐक.” तिने तोंड उघडलं, मिटलं. परत उघडलं. घशातून आवाज आला तो खोकल्याचा.

“ताई, पहिला शब्द मी म्हणते, मागून तुम्ही म्हणा,” मी म्हणाले आणि म्हटला. नेहमीचाच होता, माझ्या माहेरी गाय दूध देईना तरी वापरायचे.

“अगं हळू!” ती कपाटाला टेकली. “बाहेर ऐकू जाईल.”

“बाहेर ऐकू जावं म्हणूनच तर चाललंय हे!”

ती हसली आणि मग रडायलाच लागली. मला काय करावं कळेना. मी तिच्या डोक्यातली सुटलेली पिन नीट केली. “ताई, आठवतात का तरी?” मी विचारलं. “एकदाच वाचलेत तुम्ही.”

“अगं, सगळे आठवतात,” ती म्हणाली. “हेच नाहीत, सगळ्यांचे. कागदावर उतरलं असतं तर कदाचित गेलं असतं डोक्यातून. दळण निवडताना आठवतात, आईंची पाठ पुसताना आठवतात. कुणी, कधी, कुणाला, सगळं.” एकोणीस वर्षं मी हिला साजूक म्हणून चिडवत होते, आणि हिच्या पोटात आख्खं गटार.

दुसऱ्या सुनावणीला टायपिंगला मी होते. ताई साक्षीच्या खुर्चीत बसली, पिना ठाकठीक, हात मांडीवर. चष्मेवाला समोर, त्याची बायको तशीच पर्स घेऊन. ड्रायव्हरबाई भिंतीशी उभी. बस म्हटलं तरी बसेना.

“मूळ मजकूर आठवतो?” साहेबांनी विचारलं.

“हो.”

“सांगा.”

आणि ताईने सांगितला. पहिला मेसेज, तारीख, वेळ, मग शब्द. तोच तिचा मऊ, स्वच्छ आवाज, ज्या आवाजात ती आम्हाला खिडकी लावायला सांगायची. दाराशी उभा शिपाई बाहेर निघून गेला. तिने दोन मेसेज सांगितले आणि थांबली. आमच्याकडे पद्धत आहे, टायपिस्टने लिहिलेलं वाचून दाखवायचं.

मी स्क्रीनकडे पाहिलं. माझ्या बोटांनी लिहिलं होतं: ‘साक्षीदाराने प्रतिवादीचे शब्द कथन केले. ते लिहिण्याजोगे नाहीत.’

देवाशपथ सांगते, मला कळलंच नव्हतं. मी त्या माणसाचा गळा धरायला निघालेली बाई, आणि माझी बोटं त्याच्याच बाजूने चालली होती. वाचून दाखवणं भाग होतं. मी वाचलं. चष्मेवाला डोकं किंचित वाकवून हसला. त्या हसण्याची ओकारी मला आजही येते.

“अगं, ते खोड,” ताई म्हणाली. रागाने नाही. “माझीच शिकवण ती. खोड, आणि मी सांगते तसं लिही. सावकाश सांगते, म्हणजे सुटणार नाही.”

मग तिने शाळेत शुद्धलेखन घालावं तसं सांगितलं. शब्द. थांबा. शब्द. स्वल्पविराम. मी लिहिलं, वाचून दाखवलं. तिने म्हटलं, “बरोबर, पुढे.” म्हणजे प्रत्येक शब्द त्या खोलीत दोनदा उच्चारला गेला, एकदा तिच्या तोंडून आणि एकदा माझ्या. सातव्याला साहेबांनी स्वतःचा पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला. ती प्यायली नाही. मधेच मी त्या बायकोकडे पाहिलं. नवऱ्याची ही असली अक्कल ऐकून तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नव्हती. मला वाटलं, काय कोडगी बाई आहे! दगडाला पाझर फुटेल, पण हिला नाही. तिचीही मला शिसारी आली.

अकराव्याला चष्मेवाला उठला. “पुरे झालं! साहेब, इथे बायका बसल्यात. माझी बायको बसलीये. थोडी लाजलज्जा?”

“बसा,” साहेब म्हणाले. “तुमचं म्हणणं आहे की हे तुमचं नाहीच. मग तुम्ही कशाला लाजताय?”

तो बसला. बारावा झाला, तेरावा झाला. चौदावा मुलीबद्दलचा. ताईने तारीख सांगितली, वेळ सांगितली, आणि ड्रायव्हरबाईकडे पाहिलं. भिंतीशी उभ्या बाईने मान हलवून हो म्हटलं. ताईने सांगायला सुरुवात केली. तिचा आवाज तेवढ्या एकाच ठिकाणी चिरला, पण थांबला नाही. तो मेसेज मी इथे लिहिणार नाही. तो फायलीत आहे, त्या मुलीच्या आईच्या सहीनिशी, आणि तिथे त्याचं काम झालं आहे.

अर्ध्यावर आलो आणि चष्मेवाला ओरडला, “तो तर मी दहा मिनिटांत काढणारच होतो! रागात होतं ते! त्याचं कसलं एवढं भांडवल?”

साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “हेही लिहा. जसंच्या तसं.” मी लिहिलं, आणि काय सांगू, असलं गोड वाक्य मी जन्मात टाइप केलं नव्हतं.

निकाल लागला. मजकूर अश्लील, धमकीचा आणि खोटा. दंड, त्याच ग्रुपवर जाहीर माफी, आणि एक वर्ष कुठल्याही ॲपवर खातं नाही. उघडलं तर अटक. निकालाची प्रत बसमालकाला गेली. ड्रायव्हरबाई सोमवारी बसवर चढली. ग्रुपवरच्या तीनशे जणांनी तिला फुलं पाठवली, फोनमधली, फुकटची. तिने मला ती दाखवली आणि एकही न उघडता पुसून टाकली. ताईने ऑफिसात येऊन आधी माझ्या टेबलाची काच उचलली, खालचा कागद काढला आणि फाडला. मुख्य लेखनिक तिच्याशी बोलेनासे झाले. म्हातारीचं मात्र नेहमीप्रमाणे खणखणीत चाललं होतं.

तीन आठवड्यांनी चष्मेवाल्याची बायको आली.

मी तिला ओळखलं आणि तोंड कडू करूनच फॉर्म पुढे घेतला. आलीये नवऱ्याचा दंड कमी करायला, दुसरं काय! फॉर्मवरचा पहिला प्रश्न विचारला. “मजकूर कोणत्या ॲपवर आहे?”

“ॲपवर नाही,” ती म्हणाली. “तोंडी आहे. घरात.”

“मग इथे नाही होत. इथे फक्त ऑनलाइन. पलीकडच्या इमारतीत, घरगुती छळाच्या कक्षात जा.”

“जाऊन आले. ते म्हणाले, मारलं का? मारत नाहीत हो. कधीच हात उचलला नाही त्यांनी.” तिने पर्स मांडीवर नीट ठेवली. “तुम्ही त्या दिवशी लिहून घेतलंत ना, ते सगळं मला पाठ आहे. कुठला शब्द कशानंतर येतो तेसुद्धा.”

ताईने मान वर केली. “कधीपासून?”

“लग्नापासून. पण मधली पाच वर्षं बरी गेली.” तिने पर्सचा बंद सारखा केला. “फोनवर गुंतले होते ना. दिवसभर तिकडेच काय ते ओकायचे, घरी आले की दमलेले असायचे. जेवायचे, झोपायचे. आता तुम्ही खातं बंद केलंत.”

ती तक्रारीच्या सुरात बोलत नव्हती. आमचा दोषही दाखवत नव्हती. गिऱ्हाइकाला चष्म्याचा नंबर सांगावा तसं सांगत होती. मला माझ्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

“ताई,” मी हळूच म्हणाले, “हे आपल्या नियमात बसत नाही.”

ताईने माझ्यापुढचा फॉर्म बाजूला केला, स्वतःच्या स्क्रीनवर कोरं पान उघडलं आणि तारीख घातली. “सांगा,” ती त्या बाईला म्हणाली. “कालपासून सुरू करू. काय म्हणाला, आणि किती वाजता?”

बाईने एकदा दाराकडे पाहिलं आणि सांगायला लागली. ताईची बोटं कुठेही अडली नाहीत. पाच पानं झाली. बाईने प्रत्येक पानावर सही केली, खाली ताईने केली, आणि मग दोघी शिक्क्यासाठी माझ्याकडे बघायला लागल्या. शिक्क्यांचा डबा माझ्या हातात होता, आणि असल्या कागदावर मारायचा शिक्का त्यात नव्हता.